बक्षीस ताटाला, मोरी आपल्याला

(कल्याण पूर्वेतल्या एका अभ्यासवर्गात तरुणांसमोर केलेलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलंय. दोनचार शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



विषय ऐकून मागच्या रांगेतली पोरं हसली. बक्षीसवाली उंची हॉटेलं! आपला काय संबंध? आपण वडापाववाले. हसा, हसण्यासारखंच आहे. पण संबंध बघायचा असेल तर आज रात्री दीड वाजता कल्याण स्टेशनच्या पुलावर उभे राहा. मुंबईहून आलेल्या शेवटच्या गाड्यांतून उतरणारी माणसं बघा. पायात ओले बूट. बोटांची कातडी पाण्यात राहून पांढरी पडलेली. कपड्यांना तळणाचा वास. कुणी कोळशेवाडीकडं वळतो, कुणी बदलापूरच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर कलंडतो. दोन तासांपूर्वी दक्षिण मुंबईत ज्या टेबलावर शेवटची गोड बशी गेली, ती बशी ह्या बोटांनी धुतलीय. हा आपला संबंध.

आता बक्षीस म्हणजे काय ते समजून घेऊ. शत्रूचा असो की मित्राचा, इतिहास माहीत पाहिजे.

जगात हॉटेलांना सगळ्यात मोठा मान मिशेलिनच्या ताऱ्यांचा. ही मिशेलिन टायरची कंपनी. फ्रान्सातली. १९०० साली दोघा भावांनी मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली आणि फुकट वाटली. लोकांनी मोटारी पळवाव्यात, टायर झिजवावेत, नवे घ्यावेत. धंद्याचं गणित. १९२६ पासून ते चांगल्या हॉटेलांना तारे द्यायला लागले. पुढं त्याचा अर्थ ठरला. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जा. तीन तारे म्हणजे त्या जेवणासाठी खास प्रवास करा.

खास प्रवास! हा शब्द लक्षात ठेवा, मी परत त्याच्यावर येणारंय.

दुसरी एक यादी आहे, जगातली पन्नास सर्वोत्तम हॉटेलं. ती २००२ साली एका ब्रिटिश मासिकानं सुरू केली. तिचीच एक आशियाची यादी आहे. त्या यादीत २०२३ साली मुंबईचं मास्क हे हॉटेल सोळाव्या नंबरावर होतं, म्हणजे त्या वर्षी भारतात पहिलं. २०१६ साली उघडलेलं हे हॉटेल आहे कुठं? महालक्ष्मीला. शक्ती मिलच्या गल्लीत, लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात.

गिरणीच्या आवारात, दोस्तांनो. तुमच्यापैकी किती जणांचे आजोबा गिरणीत होते? हात वर करा. बघा. निम्मा वर्ग. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मिटला असं कुणी जाहीर केलं नाही, माणसंच मिटत गेली. लालबाग-परळची खोली विकून कोण दिव्याला आलं, कोण डोंबिवलीला, कोण कल्याणला, कोण अंबरनाथच्या पुढं. गिरण्यांच्या जागी आधी कुलूप आलं, मग टॉवर, मग काचेची दारं आणि आत मंद दिवे. ज्या गिरणगावात आजोबा साचे चालवत होता, तिथंच नातू ताटं धुतो. फरक एवढाच की आजोबा भोंगा झाला की चालत कामावर जायचा, आणि नातू चोपन्न किलोमीटर लटकत जातो.

आता आला खास प्रवास. मिशेलिनवाले म्हणतात, तीन ताऱ्यांच्या जेवणासाठी खास प्रवास करावा. अरे, आमची पोरं तो प्रवास रोज करतात! दादरला गाडी बदलून. जेवायला नाही, जेवण झाल्यावरचं उचलायला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोचली. तेव्हापासून ह्या लोहमार्गानं कष्टकरी वाहिलाय. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून खाली पडली. किमान चार जण गेले. तीही कामावरच निघालेली. त्यांच्या प्रवासाला किती तारे द्यायचे?

तुम्ही म्हणाल, भाषण कुठून कुठं चाललंय. थांबा. आता आत जाऊ, काचेच्या दारामागं नाही, त्याच्या मागच्या दारानं. तिथली मला माहिती आहे. मीही अकरा महिने एका नावाजलेल्या हॉटेलच्या मोरीत होतो. नाव घेत नाही, कारण एकाचं घेतलं तर बाकीचे सुटतील.

मोठ्या किचनची रचना पलटणीसारखी असते. एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच आचाऱ्यानं ती बसवली. वर मोठा शेफ, त्याच्याखाली दुय्यम, मग एकेका विभागाचा प्रमुख, मग कमी म्हणजे शिकाऊ, आणि सगळ्यांच्या तळाशी भांडी धुणारा. पॅरिसच्या हॉटेलात त्याला प्लाँजर म्हणतात. जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक ते काम स्वतः करून आला आणि १९३३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे मोरी तिकडंही आहे, घाणही आहे, पिळवणूकही आहे. पण तिकडं मोरीत जन्मानं कुणी ठरलेला नसतो. इकडं भटारखान्याला पलटणीची उतरंड वरून आली आणि खाली गावाची उतरंड आधीच तयार होती. एकावर एक चपखल बसली. आमच्या मोरीत आम्ही नऊ जण होतो. आडनावं ओळीनं वाचली असती तर कुठल्याही गावाच्या वेशीबाहेरची यादी वाचल्यासारखं वाटलं असतं. भाजी निवडायला, कांदे सोलायला बसणाऱ्या मावश्या त्याच वस्त्यांतल्या. चेंबर तुंबला, चरबीचा थर काढायचा आहे, तर हाक कुणाला? वरचा माणूस आम्हाला कधी जात विचारत नव्हता. विचारायची गरजच काय? काम वाटून दिलं की जात आपोआप समजते.

एकदा दुपारी काम सैल होतं. एक तरुण शेफ मोरीत आला. माणूस वाईट नव्हता, हेही सांगतो. म्हणाला, तुमच्याकडं वजडी कशी करतात? मी खुशीत आलो, साला आपल्याला कुणी तरी काहीतरी विचारलं! सगळं सांगितलं. आई चुन्यानं आणि गरम पाण्यानं कशी साफ करते, किती वेळा धुते, सुकं खोबरं किती भाजते, चुलीवर किती वेळ ठेवते. त्यानं वहीत लिहून घेतलं. दीड महिन्यानं मेनूवर नवी बशी आली. भल्यामोठ्या पांढऱ्या बशीत वजडीचे तीन तुकडे, बाजूला कसलासा फेस, वर एक पान. नाव इंग्रजीत. गिऱ्हाइकांनी वाहवा केली, एका पेपरात छापूनही आलं. ती बशी मी दिवसाला तीस-चाळीस वेळा धुतली. आईनं ती बशी कधी बघितली नाही. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तीन तुकड्यांत कुणाचं पोट भरतं रे?

मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. ह्यात मोठा मुद्दा आहे.

लंडनमध्ये सेंट जॉन नावाचं हॉटेल आहे. १९९४ साली उघडलं. जनावराचं काही वाया घालवायचं नाही, नाकापासून शेपटीपर्यंत सगळं शिजवायचं, हे त्यांचं तत्त्व. भाजलेल्या नळ्यांतला मगज ही त्यांची नामांकित बशी. २००९ साली त्यांना मिशेलिनचा तारा मिळाला. चांगलं आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण ह्याच्याशी आहे की नळी, मुंडी, पाया, रक्ती, फुप्फुस आमच्या वस्तीत शिजलं की ती घाण, आणि तेच काट्याचमच्यानं खाल्लं की ते तत्त्वज्ञान. कोपनहेगनचं नोमा घ्या, जगाच्या यादीत पाच वेळा पहिलं आलेलं. रानातला पाला, शेवाळ, मुंग्यासुद्धा ताटात आणल्या म्हणून नाव झालं. आणि आमच्या कल्याण-ठाण्याच्या स्टेशनाबाहेर पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या कातकरी, ठाकर बाया फडकं अंथरून बसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. त्यांना रानातलं काय खावं, काय खाऊ नये, कशाला काकड टाकावी म्हणजे घसा खाजत नाही, हे सगळं पाठ. त्यांना मिळतं काय? हप्ता मागणारा आणि गाडी घेऊन येणारं अतिक्रमणवालं पथक.

इथं एक धोका आहे, तो ओळखा. काही जण म्हणतील, मग आपलं जुनं खाणं थोर होतं, त्याचाच झेंडा करू. नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्याला सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा. त्यांना चव कळत नव्हती म्हणून नव्हे. ते मांस आपल्या वाट्याला हक्कानं येत नव्हतं, गुलामीचा मोबदला म्हणून येत होतं. मेलेलं ढोर ओढा आणि खा. ती साखळी त्यांनी तोडायला सांगितली. म्हणून भुकेचं गोडवं गाऊ नका. आपल्या आयांनी चान्या उन्हात वाळवल्या त्या हौसेनं नाही, उद्याचं पोट दिसत होतं म्हणून. पण त्या उपासमारीतून त्यांनी जी अक्कल काढली, टिकवायची, साफ करायची, येसरानं चव आणायची, ती अक्कल त्यांची आहे. ती चोरायचा हक्क कुणाला नाही. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून हे खाणं कागदावर आणलं, आपल्याच नावानं. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. नावच बघा, अपूर्णब्रह्म! पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या ताटात आपण कधी नव्हतोच. आणि ज्या वर्षी हे पुस्तक आलं त्याच वर्षी महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली. म्हणजे एकीकडं तुमचं खाणं गुन्हा, दुसरीकडं तुमचं खाणं फॅशन. दोन्हीकडं ठरवणारे तेच, तुम्हाला विचारणारं कुणी नाही.

आता टेबलाबद्दल. टेबलावर बसायचा हक्क आपल्याला कुणी दयेनं दिलेला नाही. चवदार तळ्याचं पाणी आणि हॉटेलातला चहाचा कप, लढाई एकच. आपल्या आजोबांना चहा मिळायचा तो बाहेर ठेवलेल्या फुटक्या कपात, पिऊन झाल्यावर स्वतःच धुवायचा. म्हणून संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं असे शब्द स्पष्ट लिहिलेत. घटनेत हॉटेल कशाला, असं ज्याला वाटतं त्यानं तो कप बघितलेला नाही. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, चौथ्या कलमात तर हॉटेलातली भांडी वापरायचा हक्कही लिहिलाय. भांडी! कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की जात भांड्याला चिकटते.

आणि आज? आज दारावर कुणी जात विचारत नाही. दारावर किंमत लिहिलेली असते. एका माणसाचं जेवण हजारोंच्या घरात. आमच्या मोरीतल्या पोरानं पगार साठवून एकदा तिथं जेवायचं ठरवलं, तर पुढचा महिना पोटाला चिमटा. वेगळा कप गेला, वेगळा दरवाजा आला. पुढचा पाहुण्यांचा, मागचा आपला. मधे हेलकावे खाणारं एक दार, त्याला गोल काच. बक्षीस मिळालं त्या रात्री मी त्या काचेतून बघितलं. केक कापला, फोटो काढले, आचाऱ्यांना पुढं बोलावलं. आम्हाला सांगितलं, तुम्ही आत थांबा, कपडे ओले आहेत. कपडे ओले होते हे खरंच होतं. त्या रात्री पाहुणे जास्त, ताटं जास्त. शेवटची गाडी चुकली. दादरला फलाटावर झोपलो. पहिल्या कर्जतनं घरी आलो आणि दुपारी परत गेलो.

आता पैशाचं बोलू, कारण रागानं पोट भरत नाही.

एक, कामाचे तास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं दिवसाचे ९ तास, आठवड्याचे ४८ तास ठरवले, वर काम केलं तर दुप्पट दर. माझ्या अकरा महिन्यांत नऊ तासांत सुटलेला दिवस मला आठवत नाही, आणि दुप्पट दराचं पाकीट मी बघितलेलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं ह्या ९ चे १० करायला मंजुरी दिली. जे नऊ पाळत नव्हते त्यांना दहा दिले. चोराला चावी.

दोन, सर्व्हिस चार्ज. बिलात खाली एक रक्कम लावतात, गिऱ्हाइकाला वाटतं ती वाढप्याला, मोरीवाल्याला जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली सांगितलं की ती आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं तेच उचलून धरलं. मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, आणि म्हणत होत्या की ह्यात कामगारांचं हित आहे. कामगारांचं हित हवं तर पगारात घाला ना! मालकाच्या मर्जीवरची खिरापत आम्हाला नको. आम्हाला पगारपत्रक पाहिजे, त्यावर शिक्का पाहिजे, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर पाहिजे.

तीन, फुकटची राबणूक. हॉटेल मॅनेजमेंट शिकणारी पोरं-पोरी इथं बसलीत, त्यांनी कान देऊन ऐका. त्याच जगद्विख्यात नोमात शिकाऊ मुलं वर्षानुवर्षं बिनपगारी राबत होती. २०२२ मध्ये त्यांना पगार सुरू केला, आणि २०२३ च्या जानेवारीत मालकानं जाहीर केलं की ही पद्धत परवडत नाही, नेहमीचं हॉटेल म्हणून बंद करणार. समजलं का? जगातलं पहिल्या नंबरचं ताट बिनपगारी हातांवर उभं होतं. पगार द्यायची वेळ आली आणि गणित फिसकटलं. तुमचं ट्रेनिंग म्हणून सहा महिने अंडी सोलून घेतात, तेव्हा हे आठवा.

आता आपल्या गावाकडं या. ठाण्यात पोखरण रोडला जिथं रेमंडची लोकरीची गिरणी होती तिथं आता टॉवर आहेत. घोडबंदर रोडनं जा, कल्याण-शीळ रस्त्यानं जा, नवी संकुलं, मॉल, त्यात मंद दिव्यांची हॉटेलं. मुंबईचं बक्षीस उद्या ठाण्याला येईल, परवा कल्याणला. येऊ दे. पण ते यायच्या आधी हे गाव खात नव्हतं काय? मामलेदार कचेरीजवळची मिसळ ठाण्यात १९४६ पासून आहे. घाम पुसत, नाक ओढत कलेक्टर कचेरीतला शिपाई आणि वकील एका बाकावर खातात. कल्याणचा खिडकी वडा घराच्या खिडकीतून विकला गेला आणि त्याच नावानं गाजला. ह्यांना बक्षीस रांगेनं दिलंय. मी भाबडेपणानं हे सांगत नाही. बाकावर शेजारी बसलं म्हणून जात जात नाही, आणि छोट्या हॉटेलातही मोरी असतेच. पण एवढं तरी खरं की तिथं खाणारा आणि राबणारा एकाच गाडीनं घरी जाऊ शकतो. ज्या हॉटेलात राबणाऱ्याला जेवता येत नाही, त्याला मी उत्तम म्हणणार नाही. यादीवाल्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

मग करायचं काय? हॉटेलं फोडायची? बहिष्कार टाकायचा? काचा फोडल्या तर त्या झाडायला आपल्यालाच बोलावतील. मी चार साधी कामं सांगतो.

ह्या वर्गातला जो जो हॉटेलात कामाला आहे, त्यानं उद्यापासून वही ठेवायची. आत गेलेली वेळ, बाहेर आलेली वेळ, तारीख. तोंडी तक्रारीला कामगार आयुक्ताकडं कुत्रं विचारत नाही, पन्नास पोरांच्या पन्नास वह्या टेबलावर ठेवल्या तर विचारावं लागतं.

शेवटच्या लोकलचे प्रवासी एकमेकांना ओळखत नाहीत. आचारी एका डब्यात, मोरीवाले दुसऱ्या डब्यात, वाढपी तिसऱ्या. डबा एक करा. युनियनची पहिली बैठक दादर ते कल्याणच्या दरम्यान होऊ शकते, भाडं लागत नाही, पास काढलेलाच आहे.

आपल्या आयांचं खाणं लिहून काढा. नावासकट, गावासकट. म्हणजे उद्या कुणी वही घेऊन मोरीत आला, तर त्याला सांगता येईल की हे ह्या बाईचं आहे, छापायचं तर तिचं नाव छाप आणि तिचे पैसे दे.

आणि ज्यांना शेफ व्हायचंय त्यांनी जरूर व्हावं. दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ पासून आहे, तिथं आपली राखीव जागा आहे, ती रिकामी ठेवू नका. वर चढा. पण वर गेल्यावर त्या गोल काचेच्या दाराशी एक दिवस थांबा आणि ते उघडा. बक्षीस मिळेल त्या रात्री आतल्या नऊ जणांना, ओल्या कपड्यांनी, फोटोत घ्या. हे नसेल करायचं, तर इथं बसून आपला वेळ घालवू नका.

आईचा प्रश्न मी अजून विसरलो नाही. तीन तुकड्यांत कुणाचं पोट भरतं? यादीवाल्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. आपण विचारायचा. टेबलावर बसूनही विचारायचा आणि मोरीतूनही विचारायचा, जोवर दोन्हीकडं एकाच तऱ्हेची माणसं दिसत नाहीत तोवर.

साडेनऊ झाले. ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी निघा, गाडी चुकेल. बाकीच्यांनी थांबा, वह्या वाटायच्या आहेत.

जय भीम.